मराठी नोंदींच्या शोधासाठी एसक्यूलाइटचे एफटीएस५
काही हजार नोंदींसाठी वेगळा सर्च सर्व्हर थाटण्याची गरज नाही, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधले एफटीएस५, म्हणजे मजकुरात शब्द शोधणारे साधन, पुरते. इंडेक्स, म्हणजे शब्दांची शोधसूची, त्याच डेटाबेस फाइलमध्ये राहतो. मराठी मजकुरासाठी मात्र ते मूळ सेटिंगवर वापरू नका. मजकुराचे शब्द पाडणारा मूळचा 'युनिकोड६१' टोकनायझर फक्त अक्षरे आणि अंक जमेस धरतो. काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या 'मार्क' गटात मोडतात आणि तिथेच शब्द तुटतो. 'पाणी' शोधले की 'प' आणि 'ण' उरतात, म्हणून 'पुणे'सुद्धा हजर! टेबल बनवतानाच टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात 'एमएन' आणि 'एमसी' हे चिन्हांचे गट घाला. मूळचे अक्षर-अंकांचे गटही पुन्हा लिहावे लागतात. नंतर सुचले तर टेबल नव्यानेच बांधा.

विभक्तीवर तयार औषध नाही, सोबतचा पोर्टर स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय छाटणारे साधन, इंग्रजीपुरताच. 'पाण' पुढे तारांकन दिले की 'पाणी', 'पाण्यात' दोन्ही सापडतात. शिवाय 'पाणबुडी'ही येते, ते चालवून घ्यावे.

मजकूर मूळ टेबलातच ठेवून एफटीएस५मध्ये फक्त इंडेक्स ठेवणार असाल तर ट्रिगर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणारे आदेश, नीट लिहा. नोंद बदलताना जुना मजकूर जसाच्या तसा एफटीएस५च्या 'डिलीट' आदेशाला दिला नाही तर इंडेक्स बिघडतो, मग 'रीबिल्ड' आदेशाने तो नव्याने बांधावा लागतो. क्रमवारी चढती ठेवा: जुळणीला गुण देणाऱ्या 'बीएम२५'मध्ये लहान आकडा म्हणजे सरस जुळणी.