कळण्याचं पीठ आणि एलसी-एमएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत एलसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक द्रवात वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र, बसवून आठ महिने झाले. घटक वेगळे करणारी २.१ मिलिमीटर व्यासाची सी-१८ नळी (कॉलम), त्यातून येणाऱ्या रेणूंना विद्युतभार देणारा इलेक्ट्रोस्प्रे आणि मागे वस्तुमान मोजणारं क्वाड्रुपोल-टाइम ऑफ फ्लाइट. प्रथिनांसाठी घ्यायच्या विचारात असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

पहिलं काम घेतलं ते कळण्याचं. आमच्या घरी भाकरीसाठी चार शेर ज्वारीला शेरभर सालासकट काळे उडीद दळतात, तोच कळणा. त्या पिठातली प्रथिनं ओळखायची होती. डीटीटी या रसायनाने प्रथिनांतले डायसल्फाइड (गंधकाचे) बंध सोडवले, प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन हे विकर घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं आणि सकाळी रन लावला. निकालात उडीदच उडीद! ज्वारी चौपट असूनही तिचे पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) बोटांवर मोजण्याइतके. दोन आठवडे मला यंत्राचीच शंका येत होती. तपासणीसाठी ज्याचं वस्तुमान आधीच माहीत आहे ते घोड्याच्या हृदयातलं मायोग्लोबिन हे प्रथिन सोडून पाहिलं, तर वस्तुमान १६,९५१ डाल्टन, अगदी जागच्या जागी.

अडचण ज्वारीत होती. तिचं मुख्य साठवण प्रथिन काफिरिन. ते पाण्यात किंवा मिठाच्या द्रावणात उतरत नाही, त्याला अल्कोहोलच लागतं. शिवाय ट्रिप्सिन साखळी कापतं ती लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी, आणि काफिरिनमध्ये लायसिन जवळजवळ नसतंच, आर्जिनिनही थोडंच. कापायला जागाच इतक्या कमी तर तुकडे कुठून पडणार? मग ६० टक्के टर्ट-ब्युटॅनॉल आणि डीटीटीने प्रथिन काढलं आणि कायमोट्रिप्सिन हे दुसरं विकर वापरलं. ते ल्युसिनपाशीही कापतं आणि काफिरिनमध्ये ल्युसिन भरपूर. त्या दिवशी क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) ज्वारीच्या पेप्टाइडांनी भरून आला. ज्वारीतली लायसिनची उणीव उडीद भरून काढतो हे शिकलेलं होतं, पण घरच्या पिठात ते असं डोळ्यांसमोर उलगडलं तेव्हा आजीच्या जात्याची फार आठवण झाली.

आता त्रासाचं. कॉलमचा दाब तिसऱ्या महिन्यात २०० बारवरून ३८० वर गेला, कारण उडदाचा चिकट अर्क आम्ही नीट गाळत नव्हतो. आता प्रत्येक सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जातो आणि मुख्य कॉलमच्या आधी घाण अडवणारा छोटा गार्ड कॉलम कायम लावलेला असतो. यात कंजुषी करू नका.

आमच्याकडचं पाणी क्षारांचं. भांडी त्यातच धुवून वाळवली की सोडियम चिकटतं आणि आलेखातल्या पीकशेजारी (शिखराशेजारी) २२ डाल्टनवर दुसरं पीक उभं राहतं. शेवटचं खळबळणं शुद्ध पाण्यानेच करा. ४४-४४ डाल्टनच्या अंतरावर पीकांची रांग दिसली तर ते पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), बहुधा साबणातून किंवा डिटर्जंटमधून आलेलं. केराटिन हे प्रथिन दिसलं तर ती आपलीच त्वचा आणि केस.

वीज हा सगळ्यात मोठा प्रश्न. विक्रेत्याने तासाभराचा यूपीएस पुरेल असं सांगितलं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि दुपारभर वीज नाही, तेव्हा तो पुरला नाही. वीज जाऊन यंत्रातला व्हॅक्यूम (निर्वात) गेला की पंप चालू करून रात्रभर थांबावं लागतं. आधी जनरेटर बसवा, मगच यंत्र मागवा.

एवढं सोसूनही मी हेच यंत्र पुन्हा घेईन. सध्या भाजलेल्या भाकरीचे नमुने चालू आहेत. पाण्यात मळून शिजवल्यावर काफिरिनमध्ये नवे डायसल्फाइड बंध तयार होतात आणि ते पचायला जड जातं. आमच्याकडेही भाकरीतून ते बाहेर काढायला पिठापेक्षा जास्त डीटीटी लागतंय.