टप्पे स्वस्त, सांधे महाग : बस आणि फेरीने इंडोनेशिया, काही महिन्यांनंतर

इंडोनेशियात विमानाशिवाय एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता येतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. जाता येतं. सुमात्रातल्या बुकिटिंग्गीपासून फ्लोरेसमधल्या माउमेरेपर्यंत मी बस, ट्रेन, फेरी आणि शेअर गाड्यांनी गेले, मध्ये जहाजाने सुलावेसीलाही जाऊन आले. स्वस्तात होतं का, याचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. बसचं तिकीट स्वस्त, फेरीचं तर जवळजवळ फुकट. पैसे जातात ते बस संपते आणि बोट सुरू होते त्या मधल्या दहा-वीस किलोमीटरमध्ये. टप्पे स्वस्त, सांधे महाग. हिशेबासाठी सांगते, एक लाख रुपिया म्हणजे आपले सव्वापाचशे-साडेपाचशे रुपये.

सुमात्रा आणि जावातल्या लांब पल्ल्याच्या बसना मी डोळे झाकून चांगले मार्क देईन. एक्झिक्युटिव्ह वर्गात उशी, पांघरूण, पाय टेकायला पाटी, मागे टॉयलेट आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्या शेजारी काचेची सिगारेटची खोली. लवंगेच्या क्रेतेकचा वास त्या काचेला जुमानत नाही ही गोष्ट वेगळी. बुकिटिंग्गी ते जकार्ता दीड दिवस लागतो. सुमात्राच्या दक्षिण टोकाला बकाउहेनीपासूनचा १४० किलोमीटरचा टोल रस्ता २०१९ साली सुरू झाला. त्यामुळे शेवटचा भाग झोपेत निघून जातो. बकाउहेनी ते जावातलं मेराक ही सुंदा सामुद्रधुनीतली फेरी दोन ते तीन तास घेते. एक्झिक्युटिव्ह धक्क्यावरून तासाभरात पोहोचवणारी जलद बोट आहे, पण भाडं तिप्पट-चौपट. बसमध्ये बसून गेलात तर फेरीचं भाडं बसच्या तिकिटातच असतं आणि मधला सांधा तुमच्या डोक्याला उरतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फेरीचं तिकीट सुटं काढायचं असेल तर मेराक, बकाउहेनी, केतापांग (जावाचं पूर्व टोक) आणि गिलिमानुक (बाली) या चार बंदरांवर खिडकीवर रोख पैसे देऊन ते मिळत नाही. सरकारी फेरी कंपनीच्या फेरिझी अॅपवर आधी काढावं लागतं, आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट नंबर चालतो. अडचण पैसे भरताना येते. माझं भारतीय कार्ड कधी चाललं, कधी नाही. मग कोड घेऊन कोपऱ्यावरच्या इंडोमारेत किंवा अल्फामार्तमध्ये जायचं आणि काउंटरवर रोख भरायचे. ही दुकानं गल्लोगल्ली असल्याने त्रास काहीच नाही. बंदराच्या दारात 'तिकीट, तिकीट' करत अंगावर येणारे लोक वीस-पंचवीस हजारांच्या तिकिटावर स्वतःचे दहा हजार लावतात. जावातल्या बसची तिकिटं मी बरेचदा रेडबसवरच काढली. आपल्या बंगळुरूची कंपनी, अॅपही ओळखीचं.

संपूर्ण प्रवासातला सर्वांत गुळगुळीत सांधा म्हणजे जावा ते बाली. योग्यकर्ताच्या लेंपुयांगन स्टेशनातून श्री तंजुंग ही साधी गाडी सकाळी निघून रात्री केतापांगला पोहोचते, तेही लाखाच्या आत. माझ्या डब्यात बाकं काटकोनात होती आणि समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत. तरी पैसे वसूल. केतापांग स्टेशनातून बंदरापर्यंत चालत जायचं, दहा हजाराच्या आसपासचं तिकीट दाखवायचं, पाऊणएक तासात पलीकडे गिलिमानुक. तिथेही बस स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर. बालीत शिरताना ओळखपत्र बघतात, पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा. घड्याळही एक तास पुढे करा. बालीपासून फ्लोरेसपर्यंत तीच वेळ.

जावा-बालीमधल्या याच सामुद्रधुनीत २ जुलै २०२५ च्या रात्री तुनू प्रतामा जया ही फेरी बुडाली. तिच्यावर ६५ जणांची नोंद होती. त्याआधी जून २०२१ मध्ये युनिसी ही फेरीही गिलिमानुकजवळ बुडाली होती. म्हणून 'पाऊण तासाचं तर अंतर' म्हणून निर्धास्त राहू नये. माझे साधे नियम असे : गाडी बोटीत चढली की गाडीत बसून राहायचं नाही, वरच्या मजल्यावर जायचं, लाइफ जॅकेटची पेटी कुठे आहे ते बघायचं आणि तिला कुलूप नाही ना तेही बघायचं. एकदा पेटी सुतळीने करकचून बांधलेली दिसली. मी ती सोडायला लागले तेव्हा शेजारच्या आजी खो-खो हसल्या, पण त्यांच्या नातवाने मदत केली.

आता बाली. जगभरचे लोक जिथे येतात त्या बेटावर सार्वजनिक वाहतूक सगळ्यांत वाईट असावी हे मला अजून पचलेलं नाही. गिलिमानुकहून देनपासारकडे मिनीबस मिळते, ती भरली की सुटते. पण देनपासारहून पदंगबाई बंदराला जायला सरळ, नियमित, स्वस्त असं काही मिळालं नाही. बेमो, म्हणजे छोट्या शेअर व्हॅन, जवळजवळ संपलेत. अॅपवरची टॅक्सी बंदराच्या दारात स्थानिक गाडीवाल्यांना चालत नाही. शेवटी पर्यटकांची शटल घेतली आणि फेरीपेक्षा शटलला जास्त पैसे मोजले. पदंगबाई ते लोम्बोकचं लेंबार हा चार-पाच तासांचा प्रवास मात्र झकास. बोट सुटायच्या आधी विक्रेत्या बायका टोपल्या घेऊन वर येतात. केळीच्या पानातला किंवा तपकिरी कागदातला भात, उकडलेली अंडी, गरम पाण्यासकट पॉप मीचे, म्हणजे इन्स्टंट नूडल्सचे कप. भोंगा झाला की पटापट उतरतात. गाद्या भाड्याने मिळतात. यातल्या कित्येक बोटी जपानमध्ये वापरून झाल्यावर इकडे आलेल्या. जिन्यावर, टॉयलेटच्या दारावर जपानी पाट्या अजून तशाच, आणि त्याखाली नमाजाच्या खोलीकडे बाण.

लेंबारला उतरल्यावर पुन्हा तेच. मातारम शहर पंचवीसएक किलोमीटरवर आणि गेटवर गाडीवाल्यांचं कडं. पहिला सांगितलेला भाव फेरीच्या तिकिटाच्या कितीतरी पट होता. मी गेटबाहेर मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथून निम्म्यात गाडी मिळाली.

म्हणून माझा सरळ सल्ला : देनपासार किंवा जावातल्या सुराबायाहूनच लोम्बोक-सुंबावाला जाणारी थेट बस धरा. मातारमच्या मंडालिका स्टँडवरून बिमाला जाणारी रात्रीची बस याचा उत्तम नमुना. दुपारी निघते, रात्री कायांगन बंदरात फेरीच्या पोटात शिरते, दीड-दोन तासांनी सुंबावातल्या पोतो तानोला बाहेर पडते, आणि सकाळी तुम्ही बिमाच्या दारा स्टँडवर. तिकिटाबरोबर जेवणाचं कुपनही मिळालं. बोटीच्या पोटात ट्रक आणि बस इतक्या चिकटून लावतात की दार अर्धंच उघडतं. आडवं होऊन, पोट आत ओढून, दोन ट्रकांमधून जिन्याकडे सरकायचं. इंजिन बंद, एसी बंद, खालची हवा डिझेल, कांदे आणि कोंबड्यांची. एका ट्रकच्या हौद्यातून बकरी माझी ओढणी चघळत होती. वर जाण्याआधी आपली बस कुठल्या जिन्याजवळ आहे ते बघून ठेवा. उतरायच्या वेळी सगळे एकदम धावतात आणि कंडक्टर कोणासाठी थांबेलच असं नाही. दाभोळच्या फेरीबोटीची सवय असलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त इथे मध्यरात्र असते आणि वर टीव्हीवर दांगदुतची गाणी फुल आवाजात चालू असतात.

बिमाच्या पुढे वेळापत्रकावर विसंबणं सोडा. बिमा ते सापे दीड-दोन तासांची छोटी बस, आणि सापेहून फ्लोरेसच्या लाबुआन बाजोला सहा ते आठ तासांची फेरी, साधारण दिवसाला एक. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचे वारे सुटले की लाटांचा इशारा येतो आणि बंदर अधिकारी फेरी बंद ठेवतात, कधी एक दिवस, कधी आठवडाभर. सापेत राहण्याची सोय जेमतेम आहे, त्यामुळे बिमातच थांबून चौकशी करावी. माझी तक्रार हवामानाबद्दल नाही. मातारममधल्या एका एजंटाने मला लाबुआन बाजोपर्यंतचं सलग तिकीट विकलं होतं. बिमाला उतरल्यावर पुढच्या बसवाल्याने तो कागद उलटसुलट करून बघितला, हसला आणि परत दिला. फोन अर्थातच बंद. सापेपर्यंतची बस आणि फेरी दोन्हींचे पैसे पुन्हा भरले. दर टप्प्याचं तिकीट त्या टप्प्यावरच घ्या, 'थ्रू' शब्द ऐकला की पुढे चला.

फ्लोरेसमध्ये बस हा शब्दच थोडा सैल होतो. लाबुआन बाजो, रुतेंग, बजावा, एंदे, मोनी, माउमेरे असा हा डोंगरी रस्ता. त्यावर मुख्यतः 'ट्रॅव्हल' नावाच्या सात आसनी शेअर गाड्या धावतात. घरून उचलतात, घरी सोडतात, हे ऐकायला छान. प्रत्यक्षात सकाळी सातला तुम्हाला उचलून गाडी तासभर गावात फिरते. एका घरून आजोबा, दुसऱ्या घरून तांदळाची पोती, तिसऱ्या घरून नुसतंच पाकीट. मग पुन्हा पहिल्या चौकात, कारण आजोबा काठी विसरले. वळणं इतकी की ड्रायव्हर आधीच काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या वाटून ठेवतो, आणि त्या वापरल्या जातात. पुढची सीट आदल्या दिवशी फोन करून मागून घ्या. थोडे जास्त मागितले तरी द्या, याच एका ठिकाणी मी घासाघीस करत नाही. खेड्यापाड्यांत ट्रकवर लाकडी बाकं ठोकलेल्या गाड्याही आहेत. तासाभराच्या अंतराला मजा येते, त्यापुढे पाठ बोलायला लागते. मोनीला उतरून केलिमुतूची तीन रंगांची तळी बघणार असाल तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं राहत्या घरच्या यजमानांनाच सांगून ठेवा, मोनीत स्टँड वगैरे नाही. माउमेरेहून पुढे लारांतुकाला जाणारा रस्ता लेवोतोबी ज्वालामुखीच्या जवळून जातो. नोव्हेंबर २०२४ मधल्या मोठ्या उद्रेकापासून तो अधूनमधून राख उडवतोच आहे. मी माउमेरेलाच थांबले.

पेल्नीबद्दल वेगळं लिहायला हवं. ही सरकारी प्रवासी जहाज कंपनी १९५२ सालची, आणि तिची बरीचशी मोठी जहाजं जर्मनीत पापेनबुर्गला बांधलेली. लाबुआन बाजोहून सुलावेसीतल्या मकासरला मी तिलोंगकाबिलाने गेले. हे जहाज साधारण दोन आठवड्यांनी एकदा येतं, त्यामुळे तारीख आधी बघून बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं. इकॉनॉमी म्हणजे मोठ्या दालनात ओळीने गाद्या, डोक्याशी सामानाची फळी, दिवे रात्रभर चालू. जेवण तिकिटातच. खिडकीवर रांग लावली की डबा मिळतो. पांढरा भात, बोटाएवढा मासा, दोन चमचे कोबी. मी भातावर घरून नेलेलं मेतकूट पसरलं. शेजारच्या गादीवरच्या इबूंनी (तिकडे बाईंना इबू म्हणतात) बोटाने चाखून पाहिलं आणि त्यांच्या डब्यातही घालून घेतलं. बाईमाणूस एकटी म्हणून इथे काळजी वाटली नाही. बायका आपणहून तुम्हाला त्यांच्या रांगेत ओढून घेतात, बसमध्येही कंडक्टर बाईशेजारी बाईच बसवतो. सामानाची मात्र काळजी घ्या. पिशवीला कुलूप, फोन उशीखाली. मकासरहून तोराजाला जाणाऱ्या रात्रीच्या बस इतक्या आरामशीर आहेत की जहाजावरची सगळी झोप तिथे भरून निघते.

शाकाहारी असाल तर जावात चंगळ आहे. तेंपे, तोफू, गादो-गादो, शेंगदाण्याच्या चटणीतलं पेचेल. फक्त सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा तेरासी, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण असतं. 'तनपा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, म्हणायला शिका. पूर्वेकडे जाल तसे पर्याय कमी होत भात, अंडं आणि केळ्यावर येतात.

व्हिसाचा हिशेब निघण्याआधी करा. भारतीयांना मिळणारा व्हिसा ऑन अरायव्हल पाच लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, आणि एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. सापेची फेरी बंद पडली तर हे दिवस भराभर संपतात. मुदतवाढ मातारम किंवा लाबुआन बाजोला करता येते, पण कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. रमजान ईदच्या आधीचा आठवडा टाळा, सगळा जावा गावी निघालेला असतो. आणि बालीत न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या दिवशी गिलिमानुक, पदंगबाई दोन्ही बंदरं पूर्ण बंद असतात, विमानतळसुद्धा.

पैशांचं सांगायचं तर देनपासारहून लाबुआन बाजोपर्यंत मला शटल, फेऱ्या, बस, दोनदा भरलेलं सापेचं तिकीट आणि बिमातली एक रात्र धरून जवळजवळ विमानाइतकेच पैसे लागले. एजंटाने फसवलं नसतं तर बऱ्यापैकी वाचले असते. परत येताना पश्चिमेचे वारे सुरू झाले होते, सापेची फेरी दोन दिवस बंद होती. मी लाबुआन बाजोहून देनपासारचं विमान घेतलं. जेमतेम तासाभराचं. जाताना बोट, येताना विमान ही वाटणी मला योग्य वाटते. ज्यांच्याकडे दोनच आठवडे आहेत त्यांनी तर जावा ते लोम्बोक एवढंच जमिनीवरून करावं आणि सापेच्या वाटेला जाऊ नये.