जुन्या सिट्रोएनमध्ये दुसऱ्या कंपनीचं एलएचएम: एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो. एलएचएम म्हणजे जुन्या सिट्रोएनच्या सस्पेन्शन आणि ब्रेकमधलं हिरवं खनिज हायड्रॉलिक ऑइल. डब्यावर एलएचएम आणि आयएसओ 7308 (या ऑइलचं मानक) असं दोन्ही छापलेलं असेल, तर कुठल्याही बऱ्या कंपनीचं ऑइल सिट्रोएन क्सांतियात बिनधास्त घाला. गाडीला फरक कळत नाही. कळतो तो खिशाला, आणि तोही लिटरमागे तीन-चार युरोंचाच. पण "हायड्रॉलिक ऑइलच आहे ना, मग झालं" असा विचार असेल तर जरा थांबा.

माझी क्सांतिया 1990च्या दशकातली, साध्या हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शनची. नेदरलँड्समध्ये रोज कामावर जाते. या गाडीत स्टीलच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाला नायट्रोजन भरलेला एक लोखंडी गोळा, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. पंप ऑइलचा दाब साधारण 145 ते 170 बारच्या दरम्यान राखतो. ब्रेक याच दाबावर लागतात आणि स्टिअरिंगलाही हेच ऑइल जातं. म्हणजे सस्पेन्शनचं ऑइल निवडताना तुम्ही ब्रेकचं ऑइलही निवडत असता. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचे बरेच उद्योग आपोआप टळतात.

सगळ्यात घातक उद्योग म्हणजे पातळी कमी दिसली म्हणून डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल ओतणं. आपल्याकडच्या सवयीने हात तिकडेच जातो. ते ग्लायकॉलचं असतं, एलएचएम खनिज तेलाचं. क्सांतियातले सील नायट्राइल रबराचे. ग्लायकॉल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात आणि सगळीकडून गळती सुरू होते. उलट दिशेनेही तेच. रोल्स-रॉइसने 1965च्या सिल्व्हर शॅडोत सिट्रोएनच्या परवान्याने हीच पद्धत घेतली, पण ऑइल ब्रेक ऑइलच्या जातीचं ठेवलं, आरआर363 नावाचं. त्या गाडीत हिरवं एलएचएम गेलं तर तिचे सील जातात. खुद्द सिट्रोएनच्या 1955च्या डीएसमध्ये सुरुवातीला एरंडेलापासून बनवलेलं ऑइल होतं, मग लाल कृत्रिम एलएचएस आलं. ते हवेतली ओल शोषायचं आणि आतून गंज धरायचा. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात खनिज एलएचएम आलं, तेव्हा गोंधळ नको म्हणून सुट्या भागांनाच हिरवा रंग दिला. आजही बॉनेट उघडून हिरवं झाकण दिसलं की काय घालायचं ते कळतं.

मी काय केलं? आधी सफाई. हायड्रोरँसाज नावाचं धुण्याचं ऑइल मिळतं, ते भरून हजारेक किलोमीटर गाडी चालवली. काढताना ते मळकट तपकिरी निघालं आणि ऑइलच्या टाकीतल्या जाळीच्या फिल्टरांवर काळी कणी होती. फिल्टर पेट्रोलमध्ये धुतले, मग एका जर्मन कंपनीचं एलएचएम भरलं. नवं ऑइल अगदी खस सरबतासारखं हिरवंगार. काम अवघड नाही, पण क्रम चुकवू नका: गाडी सगळ्यात खालच्या उंचीवर आणायची, रेग्युलेटरचा (ऑइलचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागाचा) स्क्रू एक फेरा सैल करून दाब सोडायचा, मगच टाकी रिकामी करायची. पातळी मात्र गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर आणि इंजिन चालू असताना बघायची. पिवळा तरंगता ठोकळा दोन लाल कड्यांच्या मध्ये हवा. आणि आधाराला घोडी लावल्याशिवाय या गाडीखाली शिरू नये. ती बसते, आणि विचारून बसत नाही.

थंडीत, शून्याखालच्या सकाळी, गाडी पहिल्यासारखीच उचलली गेली. स्टिअरिंग जड झालं नाही, ब्रेक नेहमीसारखे. उन्हाळ्यात सामान आणि चार माणसं भरून फ्रान्सच्या डोंगराळ भागात जाऊन आलो, तिथेही तक्रार नाही. पातळी हलली नाही, रंग अजून हिरवा आहे.

आता खरी गोष्ट. ऑइल बदलल्यावर गाडी मऊ झाली, असं मला म्हणता येत नाही. खड्ड्यांवर ती आधी आपटायची, नंतरही आपटत होती. रेग्युलेटरचा टक-टक आवाज दर दोन-तीन सेकंदांनी यायचा, तोही तसाच. तो गेला मुख्य दाबाचा गोळा (चाकांच्या गोळ्यांखेरीज दाब साठवणारा वेगळा गोळा) बदलल्यावर, आणि आपटणं गेलं पुढचे दोन गोळे बदलल्यावर. नायट्रोजन पडद्यातून हळूहळू निसटतो. त्याची भरपाई कुठलंच ऑइल करत नाही. महागडं ऑइल घेऊन जुने गोळे ठेवणारे लोक मला तरी समजत नाहीत.

बाकी पर्यायांबद्दल थोडं. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, 40 अंशांना एलएचएमच्या जवळपास दुप्पट घट्ट असतं, थंडीत अंतर आणखी वाढतं. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक, मग लगेच काढा. विमानांचं लाल खनिज हायड्रॉलिक ऑइल घट्टपणाच्या बाबतीत बरंच जवळ येतं, नायट्राइललाही चालतं. तरी मी घालणार नाही. उद्या दुसरा कोणी टाकी उघडून लाल रंग बघेल आणि त्याला जे वाटेल ते वर ओतेल. सीएचएफ 11एस हे दुसरं एक हायड्रॉलिक ऑइल हिरवं आहे, घट्टपणाही जुळतो, पण ते एलएचएमपेक्षा महाग. मग कशाला?

क्सांतियानंतर आलेल्या सिट्रोएन सी5वाल्यांनी हे सगळं स्वतःला लावून घेऊ नये. 2001पासूनच्या त्या गाडीत एलडीएस नावाचं नारिंगी ऑइल असतं, कृत्रिम, आणि एलएचएम त्याची जागा घेत नाही. तिथे ब्रेक वेगळे केलेत, त्यामुळे निदान जीवावरचा प्रकार नाही. तरी तो प्रयोग नकोच.

पुण्याच्या एका मित्राने विचारलं की त्याच्या सी5 एअरक्रॉसमध्ये हे कधी बदलायचं. 2021 मध्ये भारतात आलेल्या त्या गाडीला साध्या स्टीलच्या स्प्रिंगा आहेत आणि हायड्रॉलिक कुशन शॉक अॅब्सॉर्बरच्या आत बंद असतात. त्यात भरायचं काहीच नाही, भावा.