एब्यूजआयपीडीबी: टक्क्यांपेक्षा खालच्या नोंदी वाचा

सर्व्हरच्या लॉगमध्ये एखादा अनोळखी आयपी पत्ता सारखा दिसू लागला की दोन प्रश्न पडतात: हा कोणाचा, आणि याने आणखी कोणाला त्रास दिलाय का? पहिल्याचं उत्तर हूइज, म्हणजे पत्ता कोणाच्या नावावर आहे ते सांगणारी नोंदवही, देतं. दुसऱ्यासाठी एब्यूजआयपीडीबी ही लोकांनी केलेल्या तक्रारी पत्त्यानुसार दाखवणारी फार उपयोगाची सेवा आहे. पत्ता टाकून पाहायला खातंही लागत नाही.

उत्तरात सर्वात वर 0 ते 100 टक्क्यांचा गुण दिसतो (जितका जास्त, तितका पत्ता संशयास्पद) आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरा माल त्याच्या खाली आहे. किती वेगवेगळ्या लोकांनी तक्रार केली, शेवटची कधी आली आणि कोणत्या प्रकारची, हे तीन तपशील आधी पाहा. पंधरा जणांनी कालपासून एसएसएचवर (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीवर) पासवर्ड आजमावल्याची नोंद केली असेल तर शंका उरत नाही. एकाच माणसाच्या आठ महिने जुन्या पन्नास तक्रारींना तेवढं वजन नाही, कारण दरम्यान तो पत्ता दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेला असू शकतो. गुण शून्य असला म्हणजे पत्ता निर्दोष, असंही नाही. कदाचित अजून कोणी तक्रारच केलेली नसेल.

एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट विचारण्याची सोय, वापरणार असाल तर मोफत खात्यात दिवसाला 1000 तपासण्या मिळतात. सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक विनंतीमागे एक तपासणी केलीत तर मर्यादा पाहता पाहता संपते आणि 429 हा मर्यादा ओलांडल्याचा कोड परत येतो. म्हणून मिळालेलं उत्तर काही तास साठवून ठेवा. वेगळं काही सांगितलं नाही तर तपासणी मागच्या 30 दिवसांच्याच तक्रारी पाहते. हा काळ 365 दिवसांपर्यंत वाढवता येतो. रोजच्या कामाला 30 दिवस पुरतात.

तक्रारी पाठवण्याची सोय मात्र जपून वापरावी. लॉग पाहून हल्लेखोर पत्ते आपोआप अडवणाऱ्या फेलटूबॅनमध्ये यासाठीची कृती तयारच मिळते. एपीआय की (खात्याची गुप्त किल्ली) आणि तक्रारीच्या प्रकारांचे क्रमांक भरायचे: 18 म्हणजे पासवर्डचा भडिमार, 22 म्हणजे एसएसएच. अडचण तक्रारीसोबत जाणाऱ्या शेऱ्याची आहे. शेऱ्यात लॉगच्या ओळी जशाच्या तशा जातात. त्यांत तुमच्या सर्व्हरचं नाव आणि वापरकर्त्यांची नावं असतात, आणि शेरा सगळ्यांना दिसतो. तिथे स्वतःचं ठरावीक वाक्य घाला. एकाच पत्त्याची तक्रार त्याच खात्यातून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा स्वीकारली जात नाही. ही मर्यादा योग्यच आहे, नाहीतर एका बिघडलेल्या स्क्रिप्टने नोंदींचा ढीग लावला असता.

साइट प्रॉक्सीमागे, म्हणजे विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे, असेल तर तक्रारीआधी लॉग तपासा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये खरा पत्ता घेण्याची मांडणी केलेली नसेल तर लॉगमध्ये प्रॉक्सीचाच पत्ता उमटतो, आणि तक्रार तुमच्याच सेवादाराविरुद्ध जाते. प्रॉक्सी मूळ पत्ता ज्या हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत) पुढे पाठवते, त्यावरही सरसकट भरवसा नको, तो कोणीही खोटा लिहू शकतो; विश्वासातल्या प्रॉक्सीकडून आलेला तेवढाच माना. यूडीपी या, आधी जोडणी न करता माहिती पाठवण्याच्या पद्धतीवरच्या पुराच्या हल्ल्यात (पाकिटांच्या भडिमारात) तर मूळ पत्ताच बनावट असू शकतो, त्यामुळे अशा तक्रारीत भलताच माणूस अडकतो. आधी दोन्ही बाजूंची जोडणी करणाऱ्या टीसीपीत ती जोडणी पूर्ण झाली असेल तर पत्ता सहसा खरा असतो.

आमच्या मते एसएसएचच्या पोर्टवर 75 टक्क्यांच्या वरचे पत्ते बेलाशक अडवावेत. लॉगिनच्या किंवा खरेदीच्या पानावर तोच नियम लावू नका. मोबाइल कंपन्यांकडे शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि त्यांतल्या एका संक्रमित फोनमुळे बाकी सगळे बाहेर राहतील. तिथे अडवण्याऐवजी जादा पडताळणी मागावी. आयपीव्ही6 या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत एकेक पत्ता अडवून हाती काही लागत नाही. हल्लेखोर त्याच /64 मधून, म्हणजे सहसा एकाच ग्राहकाला मिळणाऱ्या पत्त्यांच्या गटातून, पुढचा पत्ता घेतो. तिथे अख्खा /64 धरा.

हल्ला थांबवायचाच असेल तर इथल्या नोंदीबरोबर हूइजमध्ये दिलेल्या तक्रारीच्या ईमेलवरही लिहा. वेळ टाइमझोनसह, पोर्ट आणि लॉगच्या चारपाच ओळी द्या. अचूक वेळेशिवाय सेवादाराला त्या क्षणीचा ग्राहक शोधता येत नाही.