गूगल क्लासरूमवरचं गेल्या वर्षीचं साहित्य नव्या वर्गाला वापरतेय, त्याचा अनुभव

मी गोव्यात डिचोली तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवते. एप्रिलपासून माझे सगळे वर्ग गूगल क्लासरूम या ऑनलाइन अभ्यास देण्याच्या ॲपवरचे गेल्या वर्षीचे क्लास कॉपी करूनच चाललेत, आता गणेश चवथ तोंडावर आलीय आणि स्टाफरूममध्ये जो तो हेच विचारतो म्हणून सविस्तर लिहितेय.

२०२५ पासून आपल्याकडे सहावी ते दहावीचं वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलं, त्यामुळे जुने पेपर तपासून हातावेगळे होईस्तोवर नवा वर्ग समोर येऊन बसलेला असतो, मग सगळं नव्यानं बनवायला वेळ कुठून आणायचा?

कॉपी करायला काहीच लागत नाही. क्लासच्या कार्डावरचे तीन ठिपके दाबून कॉपी म्हणायचं, टॉपिक आणि क्लासवर्क येतं. जुनी मुलं, त्यांची उत्तरं, घोषणा येत नाहीत. अर्काइव्ह केलेल्या, म्हणजे बंद करून जपून ठेवलेल्या क्लासचीही कॉपी होते. सगळं ड्राफ्ट म्हणून, म्हणजे मुलांना अजून न दिसणारं असं येतं आणि शेवटच्या तारखा परत घालाव्या लागतात. बऱ्याच जणांना ही कटकट वाटते, पण मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण तारीख घालायला पोस्ट उघडली की आपोआप वाचली जाते. सूर्यमालेच्या क्विझमध्ये शनीचे चंद्र १४६ होते, मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून ते २७४ झाले, आणि क्विझ आपोआप गुण देणारी, म्हणजे बरोबर लिहिणाऱ्या मुलालाच शून्य मिळालं असतं!

एकच पोस्ट हवी असेल तर रीयूज पोस्ट आहे. तिथे जोडलेल्या फाइल्सच्या नवीन प्रती बनवायची खूण असते ती करायचीच, नाहीतर दोन्ही वर्गांना एकच फाइल राहते, इकडे बदल केला की तिकडेही बदलतो, आणि फॉर्म असेल तर गेल्या वर्षीच्या मुलांच्या उत्तरांत यंदाची मिसळतात.

पण खरा फायदा मला वर्कशीट सुधारताना झाला. खाजन शेतीवर, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतीवर, एक वर्कशीट आहे, त्यात मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार कधी उघडतं असा प्रश्न होता. गेल्या वर्षी अर्ध्याअधिक मुलांनी भरतीला असं लिहिलेलं, त्यांना वाटायचं पाणी वाढलं की दार ढकलून आत येणार. जुना क्लास अर्काइव्हमध्ये असल्यामुळे ती उत्तरं परत वाचता आली. यंदा प्रश्न तोडून तीन केले: भरतीला नदीकडचं पाणी दाराच्या कुठल्या बाजूला दाबतं, मग दार कुठे सरकतं, आणि ओहोटीला आतलं पाणी कुठे जातं. मुलांनी स्वतःच काढलं की भरतीचं पाणी दार लावून घेतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. एका मुलीनं तर घरी आजोबांना विचारून मानशीवरच्या मासळीच्या लिलावाबद्दलही लिहून आणलं, मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

तेव्हा मी यंदा पीपीटी फारशा जपल्या नाहीत, प्रश्न आणि मुलांची चुकलेली उत्तरं मात्र जपतेय. व्हिडिओच्या लिंका एकेक दाबून बघाव्याच लागतात, काही बंद पडलेल्या असतात. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मुलांसाठी मी मोठ्या पीडीएफ लहान करून घातल्या, आईच्या फोनवर उघडायला बरं पडतं. दुसऱ्या सत्राचे ड्राफ्ट चवथीच्या सुट्टीत उघडणार आहे, नद्यांच्या धड्यापासून.