सहा अक्षांचा हात की सात अक्षांचा?

तळवा टेबलावर घट्ट टेकवा. आता तळवा आणि खांदा जागचे न हलवता कोपर आत-बाहेर झुलवून पाहा. सहज झुलतं. खांद्याच्या तीन, कोपराची एक आणि मनगटाच्या तीन अशा सात हालचाली आपल्या हाताला आहेत. वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात धरायला मात्र सहाच पुरतात. उरलेली सातवी म्हणजे कोपराची ही मोकळीक. सात अक्षांचा, म्हणजे सात फिरत्या सांध्यांचा, रोबॉट हात घेताना आपण याच मोकळिकीसाठी जादा पैसे मोजतो. ती आपल्याला लागणार आहे का, आणि तिच्यापायी टोकाशी किती त्रुटी पदरात पडेल, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायला हवेत. पहिला सगळे विचारतात, दुसरा बहुधा राहून जातो.

आधी हालचाल. सहा अक्षांच्या हाताला टोकाची जागा आणि कोन सांगितला की सांध्यांच्या कोनांची उत्तरं मोजकीच निघतात. मनगटाचे तिन्ही अक्ष एका बिंदूत मिळत असतील तर जास्तीत जास्त आठ. अशा रचनेची उत्तरं थेट सूत्राने काढता येतात, हे संशोधक पायपर यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे टोकाची जागा ठरली की हाताची ठेवणही जवळपास ठरते. आज, उद्या, वर्षभराने, हात तिथे तसाच उभा राहतो.

सात अक्षांत उत्तरं अगणित. टोक जागेवर ठेवून कोपर अडथळ्याच्या बाजूने काढता येतं. अरुंद पोकळीत किंवा दोन फिक्श्चरच्या (वस्तू पकडून ठेवणाऱ्या साच्यांच्या) मधे हात घालायचा असेल तर याला तोड नाही. दुसरा फायदा सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे हात अडकतो अशा ठेवणींचा. सहा अक्षांच्या हातात चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत आले की टोकाच्या साध्या सरळ हालचालीसाठीही सांध्यांना भलताच वेग लागतो आणि यंत्र फॉल्ट देऊन थांबतं. सातव्या सांध्यामुळे अशा जागा बऱ्याच वेळा वळसा घालून टाळता येतात. अवकाशातही हेच दिसतं: १९८१ मध्ये स्पेस शटल यानावर गेलेल्या कॅनडार्म या यांत्रिक हाताला सहा सांधे होते, २००१ मध्ये अवकाश स्थानकावर बसवलेल्या कॅनडार्म-२ ला सात. पण हात पूर्ण ताणला गेला की सातवा सांधाही कामी येत नाही. पोहोच कमी पडते म्हणून सात अक्ष घेत असाल, तर तो इलाज नव्हे. लांब हात घ्या.

आता त्रुटी, आणि इथे थोडं थांबायला हवं. एका सांध्याचा कोन ०.०१ अंशाने चुकला, तर त्यापासून ८०० मिमीवर असलेलं टोक ०.१४ मिमीने सरकतं. सांधा वाढला म्हणजे एक गिअरबॉक्स, एक एन्कोडर (कोन मोजणारा भाग), एक बेअरिंग आणि लवण्याची एक जागा वाढली. छापील आकडेच शेजारी ठेवून पाहा. सहा अक्षांचा यूआर५ई: पोहोच ८५० मिमी, भार ५ किलो, रिपीटेबिलिटी (पुन्हा त्याच जागी येण्यातला फरक) ±०.०३ मिमी. सात अक्षांचा कुका एलबीआर ईवा ७: ८०० मिमी, ७ किलो, ±०.१ मिमी. हा सगळा फरक सातव्या सांध्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ईवाच्या प्रत्येक सांध्यात टॉर्क सेन्सर (पिळाचा जोर मोजणारा) आहे, तो स्पर्श ओळखून काम करण्यासाठी बनवलेला हात आहे.

शिवाय हा आकडा रिपीटेबिलिटीचा, म्हणजे त्याच आज्ञेवर हात पुन्हा पुन्हा किती जवळ येतो त्याचा. सांगितलेल्या जागेपासून तो किती दूर थांबतो, ही अचूकता वेगळी. आयएसओ ९२८३ मानकात दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या जातात. सात अक्षांच्या हातात या फरकाला फार महत्त्व येतं, कारण त्रुटी टोकाच्या जागेला चिकटलेली नसते, ठेवणीला चिकटलेली असते. कंट्रोलरच्या मॉडेलमधल्या लांब्या आणि कोन खऱ्या हाताशी तंतोतंत जुळत नाहीत. कोपर फिरलं की ही तफावत वेगळ्या दिशेने टोकाशी पोहोचते. गणितात टोक स्थिर, प्रत्यक्षात ते सरकलेलं.

त्यात कोपर आपोआपही भरकटू शकतं. उत्तर काढायला नुसती स्यूडोइन्व्हर्सची (दर क्षणी सांध्यांची कमीत कमी हालचाल निवडणारी) रीत वापरली, तर टोक बंद वाटेने फिरून मूळ जागी येतं, पण सांधे मूळ कोनांवर येतीलच असं नाही. हे संशोधक क्लाइन आणि हुआंग यांनी १९८३ मध्ये मांडलं. अशा हाताची ठेवण दर फेरीत थोडी थोडी बदलत जाते आणि तिच्याबरोबर त्रुटीही. सकाळी बरोबर बसणारा पिन दुपारी का अडतो, हे शोधताना लोक ग्रिपर (टोकाची पकड) उघडून बसतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उघड्या जागेत ठरलेलं काम असेल, अचूक बसवणी किंवा मोजमाप असेल, तर सहा अक्ष घ्या. अडचणीची जागा असेल, माणसाशेजारी काम असेल, कामाचा मार्ग सतत बदलणार असेल, तर सात घ्या. मात्र कोपराचा कोन आज्ञेतूनच देता येत असेल तरच. तो देता आला की तीच मोकळीक तुमच्या बाजूने वळते: एकाच बिंदूसाठी कमी त्रुटीची ठेवण निवडून ती कायम करता येते.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे मॉडेल खऱ्या हाताशी जुळवण्याचा, बोजा वाटतो तेवढा वाढत नाही. फिरत्या सांध्यांच्या हातात शोधायच्या स्वतंत्र भौमितिक राशी सहा अक्षांना ३० आणि सात अक्षांना ३४. उलट एक सोय मिळते. टोक पक्कं आवळलं की सहा अक्षांचा हात जखडतो, पण सात अक्षांचं कोपर तरीही फिरतं, आणि त्या फिरण्यातले एन्कोडरचे आकडेच मॉडेलच्या बऱ्याच चुका उघड करतात.

डेमोला जाताना डायल गेज (बारीक सरकणं काट्याने दाखवणारं मापक) सोबत न्या. आपल्या कामाएवढं वजन टोकाला लावायला सांगा, गेज टोकावर टेकवा, आणि टोक स्थिर ठेवून कोपर सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायला लावा. काटा हलेलच. तो किती हलतो ते लिहून घ्या आणि तुमच्या जोडणीत चालणाऱ्या फरकाशेजारी ठेवा.