जर्मनीच्या प्रवेशाच्या नावाखाली आमचे २,९८,८०० रुपये लाटले

मुलांना जर्मनीला पाठवायच्या तयारीत असलेल्या आईबापांसाठी लिहितोय. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने मुलीच्या एमएसच्या प्रवेशासाठी घेतलेले पैसे आधी मांडतो. जीएसटीसकट फी ७०,८००, एपीएस सर्टिफिकेटचे (जर्मनीसाठी मार्कशीट-पदव्या तपासून मिळणारा दाखला) १८,०००, पाच विद्यापीठांच्या अर्जांचे ९०,००० आणि 'सीट ब्लॉकिंग'चे १,२०,०००. यातले एपीएसचे तेवढे खरोखर भरले. अर्ज मात्र एकाही विद्यापीठात गेला नाही.

युनि-असिस्ट म्हणजे जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेणारी संस्था. तिच्यामार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो लागतात, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. पाचांचे १९५ युरो, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. आमच्याकडून नव्वद हजार उकळले आणि तेवढेही भरले नाहीत!

सगळ्यात जिव्हारी लागलंय ते सीट ब्लॉकिंग. मे महिन्यात फोन आला, "काका, कॉम्पिटिशन फार आहे, आज पैसे टाकलेत तर जागा धरून ठेवतो." जर्मनीतली सरकारी विद्यापीठं जागा धरून ठेवायला पैसे घेतच नाहीत. प्रवेश मिळाल्यावर सेमिस्टर शुल्क भरायचं, तेही थेट विद्यापीठाला. शिवाय हे पैसे त्याने कंपनीच्या नाही, स्वतःच्या खात्यावर मागितले. तिथेच हात थांबायला हवा होता. पण पहिल्या फीची रीतसर पावती हातात होती, ओळखीतला एक मुलगा याच माणसाकडून गेला होता आणि पोरगी रात्री जागून जर्मन शिकत होती. अशा वेळी कोणता बाप नाही म्हणेल?

मुलीने अर्जाच्या खात्याचा लॉगिन मागितला तर म्हणे दोन ठिकाणांहून उघडलं की अर्ज बाद होतो. साफ खोटं. खातं मुलाच्याच ईमेलवर उघडा, पासवर्ड मुलाकडेच राहू द्या. एजंट कितीही गोड बोलला तरी.

१५ जुलैची अर्जाची मुदत उलटल्यावर मुलीने थेट युनि-असिस्टला विचारलं. तिच्या नावाचा अर्जच नव्हता. त्यावर हा निर्लज्जपणे सांगतो, बर्लिनच्या खासगी कॉलेजात करून देतो, वर्षाला १२,००० युरो. खासगी कॉलेजं एजंटला कमिशन देतात, हे तेव्हा उमगलं.

पोलिसांचं काय सांगू! आमच्या गावचं ठाणं म्हणतं, ऑफिस पुण्यात, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, पैसे तुमच्या गावातून गेले. वर एक साहेब ऐकवतात, "स्वखुशीने दिलेत ना? दिवाणी दावा लावा." पाच अर्जांचे पैसे घेऊन एकही अर्ज न करणं हा व्यवहारातला वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ वं कलम मग कशासाठी आहे? गुन्हा कुठेही घडलेला असो, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी त्यांना सांगायचं? साधी पोच मिळवायला हुज्जत घालावी लागली. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मी पाठवलीय. ग्राहक आयोगातही गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. प्रत्येक पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

आणि ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे आधीच खात्यात ठेवायचे, ११,९०४ युरो! तेही "आमच्यामार्फत भरा" म्हणत होता. ते खातं मुलाच्या नावावर असतं, पैसे बँकेतून थेट त्यातच पाठवायचे. मध्ये कुणाचंही खातं येऊ देऊ नका.